दोन नावांचे संगीत: व्हिला-लोबोस आणि ‘बाकियानास ब्रासिलेइरास’

एकाच रचनेला दोन शीर्षके का असावीत? एइतोर व्हिला-लोबोस (१८८७–१९५९) या ब्राझिलियन संगीतकाराने १९३० ते १९४५ या काळात लिहिलेल्या ‘बाकियानास ब्रासिलेइरास’ या नऊ रचनांपुढे हा प्रश्न पडतो. त्यांतील बहुतेक भागांना एक नाव बाखच्या युरोपीय परंपरेतले आहे, तर दुसरे ब्राझीलच्या मातीतले. वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या दुसऱ्या रचनेचा अखेरचा भाग ‘तोकाता’ आहे, तसाच तो ‘कैपिराची छोटी आगगाडी’ही आहे. कैपिरा म्हणजे आडगावचा माणूस. ब्राझिलियन तालवाद्यांसह सारा वाद्यवृंद इंजिनाची गती उभी करतो आणि तिच्यावरून एक साधी, दीर्घ चाल वाहत जाते.

या दुहेरीपणाची मुळे साहित्यात सापडतात. फेब्रुवारी १९२२ मध्ये साओ पाउलो येथे भरलेल्या आधुनिक कला सप्ताहात कवींच्या बरोबरीने व्हिला-लोबोसच्या रचनाही सादर झाल्या. पुढे १९२८ मध्ये ओस्वाल्द दे आंद्रादे याने ‘नरभक्षक जाहीरनामा’ लिहिला. युरोपीय संस्कृतीची पूजा करू नये, तिला हाकलूनही देऊ नये. तिला खाऊन पचवावे, असा त्याचा आशय. ‘बाकियानास’मध्ये बाख असा पचवलेला दिसतो.

मात्र पचवलेले अन्न कोणाच्या अंगी लागले, हेही विचारायला हवे. १९३० च्या क्रांतीने जेतुलियो व्हार्गास सत्तेवर आला. १९३२ पासून व्हिला-लोबोस रिओतील शाळांच्या संगीतशिक्षणाचा प्रमुख होता. १९४० मध्ये त्याने एका क्रीडांगणावर सुमारे ४०,००० मुलांचे समूहगान घडवले. १९४२ ची सातवी ‘बाकियाना’ शिक्षणमंत्री कापानेमा यांना अर्पण केलेली आहे. ‘राष्ट्रीय’ स्वर हुकूमशाहीला सोयीचा होता, हे नाकारता येत नाही.

म्हणून हे संगीत बाद ठरवावे काय? पुढचा इतिहास वेगळे सांगतो. लष्करी राजवटीमुळे परागंदा झालेल्या फेरेइरा गुलार या कवीने १९७५ मध्ये ब्वेनोस आइरेस येथे ‘पोएमा सूझो’ (मळकी कविता) हे दीर्घकाव्य लिहिले. त्यात त्याने याच आगगाडीच्या चालीवर शब्द रचले. एका हुकूमशाहीच्या छायेत वाढलेली चाल दुसऱ्या हुकूमशाहीने देशाबाहेर घालवलेल्या कवीला घराकडे नेणारी वाट झाली. कलाकृतीचा हेतू आणि तिचे आयुष्य या दोन गोष्टी आहेत. समीक्षेने दोन्ही वाचाव्यात. एकीच्या आड दुसरी लपवू नये.