अंतिम रेषेकडे पाठ

सुवर्णपदकाच्या सकाळीच उतरायचा तुमचा हट्ट कळतो मला, पण मी तुम्हाला एक दिवस आधी उतरवतोय. २३ ऑगस्ट २०१८, गुरुवार. इंडोनेशियातलं सुमात्रा बेट, पालेम्बांग शहर. विषुववृत्त इथून जेमतेम तीन अंशांवर, त्यामुळे सकाळीच शर्ट पाठीला चिकटलाय. आशियाई स्पर्धांसाठी बांधलेली नवीकोरी लाइट रेल्वे मुसी नदी ओलांडते, बाजूला आम्पेरा पूल दिसतो न दिसतो तोच मागे पडतो, आणि तुम्ही जाकाबारिंग क्रीडानगरीत पोचता. स्पर्धांचे बरेचसे पाहुणे जकार्तात, काही इथे.

एक अट मात्र पाळायची. कुणाला काही सांगायचं नाही. उद्याचा निकाल तुम्हाला माहीत आहे, इथल्या एकालाही नाही.

तळ्याकडे चला. माणसानं खोदलेलं, पट्टीनं आखल्यासारखं लांबट तळं. सहा मार्गिका, मधे तरंगत्या गोळ्यांच्या रांगा, अंतर दोन हजार मीटर. आपली वर्तमानपत्रं याला नौकानयन म्हणतात आणि शिडांच्या शर्यतीलाही नौकानयनच म्हणतात, त्यामुळे वाचकाच्या डोक्यात कायमचा घोळ. इथे शीड नाही, वाऱ्याची मदत असलीच तर फुकटची. इथे वल्हं आहे आणि माणूस आहे. आत्ता सिंगल स्कल्सची अंतिम फेरी सुरू आहे, म्हणजे एका होडीत एक माणूस आणि त्याच्या दोन हातांत दोन वल्ही. होडी आठ मीटरहून थोडी लांब, आणि वजन? घरगुती सिलिंडरमध्ये जेवढा गॅस भरतात तेवढंच, चौदा किलोच्या आसपास. चुकीच्या बाजूला जरा जोरात शिंकलात तर पाण्यात जाल.

सहा होड्यांमध्ये एक भारताची आहे. दत्तू भोकनळ. दोन वर्षांपूर्वी रिओ ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात तो तेरावा आला होता, त्यामुळे आज पदकाची आशा आहे. तुमच्या शेजारी तिरंगा घेऊन उभी असलेली माणसं मान उंचावून बघतायत. पहिली होडी रेषा ओलांडते. दुसरी, तिसरी, मग आणखी दोन. आणि मग बराच वेळ पाणी रिकामं.

दत्तू येतो तेव्हा घड्याळ ८ मिनिटं २८.५६ सेकंद दाखवतं. रिओत त्यानं हेच अंतर ६ मिनिटं ५४.९६ सेकंदांत कापलं होतं. दोन तळ्यांवरच्या वेळा अशा शेजारी ठेवू नयेत, वारा आणि पाणी रोज वेगळं असतं. पण दीड मिनिटाचा फरक एकट्या वाऱ्याचा नव्हे. शेवटच्या माणसासाठी टाळ्या वाजतात त्या फार वाईट असतात. तुम्ही वाजवू नका. बाकीच्या भारतीय वल्हेकऱ्यांच्याही हाती आज एकही पदक लागणार नाही. शेजारचा तिरंगा गुंडाळला जातो. बोलायला तुमची जीभ शिवशिवते, पण अट आठवा.

रात्री झोपू देणार नाही मी तुम्हाला. काटा आणखी मागे ढकलतो, सहा-सात वर्षं.

आता तुम्ही विहिरीच्या तळाशी उभे आहात. तळेगाव रोही, तालुका चांदवड, जिल्हा नाशिक. वर आभाळ ताटाएवढं गोल. सुरुंगाचा धूर नुकताच विरलाय आणि फुटलेला काळा दगड वर धाडायचा आहे. यारीचा दोर ताणला की खाली थांबायचं नाही, भिंतीला लागायचं. दत्तू नावाचा तरुण पोरगा वडिलांच्या हाताखाली हेच काम करतो. या कामात अंगाला एक गोष्ट कळते, ती कुणी शिकवत नाही: दगड हातांनी उचलायचा नसतो. पाय रोवायचे, मांड्यांनी रेटायचं, मग पाठ, आणि हात सगळ्यात शेवटी. वल्हं मारायचा क्रम तंतोतंत हाच. होडीतली बैठक रुळांवर सरकते ती पायांना रेटा देता यावा म्हणून; हात बहुतेक वेळ नुसते आकड्यासारखे अडकवलेले असतात.

२०१२ मध्ये हा पोरगा सैन्यात जाईल. तिथे उंची आणि ताकद बघून त्याला होडीत बसवतील आणि सुरुवातीला त्याला पाण्याची भीतीच वाटेल. विहिरी खोदणाऱ्याला पाण्याची भीती, म्हणून हसू येतंय ना? जिथे विहिरीला पाणी लागायचीच मारामार, तिथे पोरानं पोहायला शिकायचं कुठे?

बरं, वर या. २४ ऑगस्ट, शुक्रवार. परत तेच तळं, पण आज अंतिम रेषेजवळ उभे राहा.

सकाळ चांगली उजाडलीय. कमी वजनाच्या गटात दुष्यंत चौहाननं एकेरीत कांस्यपदक काढलंय, तेही असं की समारंभानंतर त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. रोहितकुमार आणि भगवान सिंग या जोडीचंही कांस्यपदक झालंय. आता क्वाड्रपल स्कल्स: चौघं जण, आठ वल्ही, बारा मीटरहून लांब होडी, आणि ओरडून लय सांगायला वेगळा माणूस नाही. स्वर्ण सिंग, ओमप्रकाश, सुखमीत सिंग. आणि दत्तू. चौघेही फौजी.

कालच्या शर्यतीला जेमतेम एक दिवस झालाय. वर त्याच्या अंगात ताप आहे, हे नंतर बातम्यांमध्ये येईल.

या होडीत मला गंमत वाटते ती वेगळीच. स्वर्ण सिंग लंडन ऑलिम्पिकमध्ये एकटा वल्हवत होता, २०१४ ला इंचनच्या आशियाई स्पर्धेत त्याचं कांस्यपदकही एकेरीतलंच. म्हणजे एका होडीत दोन एकांडे शिलेदार. एकट्या होडीत लय तुमच्या मालकीची असते. मन लागलं तर वाढवा, दम लागला तर सोडा. इथे पुढच्याच्या पाठीवर डोळा ठेवायचा आणि आठही पाती एकाच क्षणी पाण्यात जायला हवीत. एकानं मर्दुमकी दाखवून जास्त जोर लावला तर होडी पुढे पळत नाही, डुगडुगते. काल ज्याचं सगळं बिनसलं त्यानं आज भरपाई करायला जाणं, याहून मोठा धोका या होडीला नाही.

दिवा हिरवा झाला असणार, कारण दोन किलोमीटर दूर काहीतरी हललं. तुमच्या जागेवरून सुरुवात कळतच नाही. उन्हात तरळणाऱ्या सहा काड्या, बस्स. यजमानांची होडीही शर्यतीत आहे, त्यामुळे भोवतीचा गलका काड्यांच्या आकाराबरोबर वाढत जातो. मग पाती चमकायला लागतात. मग पाठी दिसतात.

हो, पाठी. वल्हेकरी अंतिम रेषेकडे पाठ करून बसतो. तो ज्या पाण्यावरून आला तेवढंच त्याला दिसतं, म्हणून पुढे असलेल्याला मागचे सगळे दिसतात आणि मागे असलेल्याला पुढचं कुणीच दिसत नाही. काल दत्तूसमोर मोकळं पाणी होतं. आज त्याच्यासमोर इंडोनेशिया आहे, थायलंड आहे, अख्खा ताफा आहे. चार पाठींतली तापानं फणफणलेली कुठली, ते ओळखून दाखवा. आठ पाती पाण्यात, आठ बाहेर. नाही ओळखता येत.

६ मिनिटं १७.१३ सेकंद.

इंडोनेशिया ६:२०.५८. थायलंड ६:२२.४१. साडेतीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात; या वेगाला ते पाण्यावर अठरा मीटर होतात, दीड होडीएवढं अंतर. २०१० मध्ये ग्वांगझूला बजरंगलाल ताखरनं एकेरीत जिंकलेल्या पहिल्या सुवर्णपदकानंतर आशियाई स्पर्धांत भारताचं हे रोइंगमधलं दुसरं.

भोवतीचा गलका क्षणभर थांबतो आणि यजमानांच्या रौप्यपदकासाठी पुन्हा उसळतो. होडी आपल्या वेगानं पुढे घरंगळत जातेय. आठही वल्ही आता पाण्यावर पालथी पडली आहेत, आणि चौघं वाकून नुसता श्वास घेतायत. तळेगावात घड्याळ दीड तास मागे आहे. तिथे सकाळची कामं चालू असतील, बातमी पोचायची आहे.

तुमची परत निघायची वेळ झाली. जरा थांबा, सहा होड्यांनी उठवलेल्या लाटा आता कुठे काठाला येऊन लागतायत, आणि तुमचे बूट भिजतायत.