जुनी खेळणी : संग्राहक-बाजारातील मूल्यवृद्धी

उत्पादन थांबलेल्या जुन्या खेळण्यांना संग्राहकांच्या खरेदी-विक्रीत मूळ विक्रीकिमतीच्या अनेक पटींनी किंमत मिळते, त्या प्रक्रियेस येथे मूल्यवृद्धी म्हटले आहे. निव्वळ जुनेपणाने ती होत नाही. खेळण्याचे थोडे नग शिल्लक असणे, ते उत्तम स्थितीत असणे आणि त्यांची ओढ असलेला सधन ग्राहकवर्ग अस्तित्वात असणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजेच किमती वाढतात.

दुर्मीळतेचे स्वरूप : टपाल तिकिटे वा नाणी जपून ठेवण्याची प्रथा जुनी आहे, खेळणी मात्र मुलांच्या हाती देण्यासाठीच बनत असल्याने ती मोडतात, हरवतात वा टाकून दिली जातात, आणि त्यामुळे लाखोंच्या संख्येने विकलेले खेळणेही काही दशकांत विरळ होते. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रनिर्मितीसाठी भंगार गोळा करण्याच्या मोहिमांत पत्र्याची व शिशाची अनेक खेळणी वितळवली गेली. लिव्हरपूल येथील मेकॅनो कंपनीच्या डिंकी मोटारींपैकी युद्धपूर्व काळातील अनेक नगांच्या जस्त-मिश्रधातूत शिशासारखी अशुद्ध द्रव्ये मिसळलेली असल्याने त्यांना कालांतराने तडे जाऊन त्यांचा भुगा होतो. याच कंपनीने पुढे आपले काही जुने साचे भारतात दिले व त्यांतून कोलकात्यात ‘निकी टॉइज’ या नावाने मोटारी तयार झाल्या. त्यांनाही आज परदेशी संग्राहकांकडून मागणी असते.

स्थिती व प्रकारभेद : अमेरिकेतील केनर कंपनीने १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटावर आधारित, सुमारे पावणेचार इंच उंचीच्या प्लॅस्टिक आकृती १९७८ ते १९८५ या काळात विकल्या. आकृती छापील पुठ्ठ्यावर पारदर्शक आवरणात चिकटवलेली असे आणि खेळण्यासाठी ते आवरण फाडावेच लागे. म्हणून न उघडलेला नग सुट्या आकृतीपेक्षा कितीतरी महाग ठरतो, तर सुट्या आकृतीची किंमत तिच्यासोबतचे इवलेसे शस्त्र मूळचे आहे की नाही यावर ठरते. उत्पादनातील किरकोळ बदलांनाही महत्त्व येते. ‘जावा’ या आकृतीला आरंभी व्हिनिलचा झगा होता व लवकरच त्या जागी कापडी झगा आला. त्यामुळे व्हिनिलचा प्रकार दुर्मीळ झाला आणि दुसऱ्या आकृतीचा झगा कापून त्याची नक्कल करण्याचे प्रकारही घडू लागले. ‘बोबा फेट’ या आकृतीचे अग्निबाण सोडणारे रूप मुलांच्या घशात तुकडा अडकण्याच्या भीतीने विक्रीस आलेच नाही. त्याच्या मोजक्या पूर्वनमुन्यांपैकी (उत्पादनापूर्वी चाचणीसाठी केलेल्या नगांपैकी) एकास २०२४ मध्ये अमेरिकेतील लिलावात ५,२५,००० डॉलर मिळाले.

पूर्वेतिहास व प्रमाणीकरण : वस्तू कोणाकोणाच्या मालकीची होती याच्या खात्रीलायक नोंदीस पूर्वेतिहास म्हणतात. जर्मनीतील श्टाइफ कंपनीचे १९०४ च्या सुमाराचे ‘टेडी गर्ल’ हे अस्वल कर्नल बॉब हेंडरसन यांच्याकडे त्यांच्या बालपणापासून होते. १९९४ मध्ये लंडनच्या क्रिस्टीज लिलावगृहात त्यास १,१०,००० पौंड मिळाले, आणि या किमतीत अस्वलाच्या जुनेपणाइतकाच त्याच्या ज्ञात इतिहासाचाही वाटा होता. नकली माल वाढल्यावर खेळणी तपासून, गुण देऊन, सीलबंद पेटीत ठेवणाऱ्या श्रेणीकरण संस्था उदयास आल्या. दूरच्या ग्राहकाला वस्तू हाताळून न पाहताही व्यवहार करता येऊ लागल्याने उच्च श्रेणीच्या नगांच्या किमती अधिकच चढल्या.

मागणी : बालपणी जे खेळणे मिळाले वा मिळू शकले नाही ते प्रौढपणी, हाती पैसा आल्यावर घेण्याची प्रवृत्ती हा मागणीचा मुख्य आधार आहे, म्हणून एखाद्या खेळण्याला साधारणतः त्याची पिढी मध्यमवयात पोहोचली असता अधिक भाव येतो व ती पिढी ओसरू लागली की तो मंदावू शकतो. चित्रपटमालिकेचे नवे भाग मात्र पुढच्या पिढ्यांतूनही ग्राहक निर्माण करतात. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबेसारख्या ऑनलाइन लिलावांनी ग्राहकवर्ग जगभर विस्तारला, पण त्याचबरोबर माळ्यावर पडून असलेला मालही बाजारात आणला. परिणामी सामान्य नगांचे भाव खाली आले व खऱ्या अर्थाने दुर्मीळ नगांचे वाढले.

मर्यादा : टाय कंपनीच्या ‘बीनी बेबीज’ या मऊ खेळण्यांची १९९० च्या दशकात अमेरिकेत सट्टेबाजीने खरेदी झाली. ती खेळण्यासाठी नव्हे, तर पुढे विकण्यासाठी घेतली जात असल्याने लेबलासह जपली गेली, पुरवठा घटलाच नाही आणि दशकाच्या अखेरीस भाव कोसळले. मुद्दाम संग्राह्य म्हणून विकलेल्या वस्तूंची मूल्यवृद्धी त्यामुळे अनिश्चित असते. शिवाय लिलावगृहाची दलाली, विमा व साठवणूक यांचा खर्च वजा जाता विक्रेत्याच्या हाती पडणारी रक्कम जाहीर झालेल्या किमतीहून बरीच कमी असते.