वाकळीचं पोट की ओटी?

वाकळ शिवून होत आली की मधोमध हातभर चौकोन उरतो. तो बंद करण्याआधी देशावरच्या काही घरांत जाणती बाई आत भाकरीचा चतकोर सरकवते. वाकळ उपाशी राहू नये. तिचं पोट भरलेलं असलं की पांघरणाऱ्याचंही भरलेलं राहतं, असं सांगतात. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात, तिचीही रीत हीच. शेवटचं ठिगळ मधोमध बसतं आणि त्याखाली अन्न जातं. फक्त तिथे भाकरी नसते, कच्च्या तांदळाचे दाणे असतात. या दाण्यांनी मला झपाटलं आहे.

चिंध्या जोडून पांघरूण करायची कला जुनी आहे. भिक्षूंचं चीवर, जोग्यांची कंथा, बंगालचा काँथा, सिंधची रल्ली ही सगळी तिचीच भावंडं. सिद्दी मात्र या कुळात बाहेरून आले. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांतले अनेक पळून सह्याद्रीच्या रानात शिरले. आज त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही धर्म आहेत आणि पुष्कळांच्या घरची बोली कोंकणी-मराठीच्या वळणाची आहे.

त्यांच्या कवंदीकडे जगाचं लक्ष वेधणाऱ्यांत हेन्री ड्रूअल हे अमेरिकी अभ्यासक आघाडीवर. भडक रंगांचे तुकडे, न आखता मांडलेली नक्षी, मध्येच मोडलेली लय पाहिली की अलाबामातल्या जीज् बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या आठवतात. मग आफ्रिकेची आठवण दोन्हीकडे रक्तातून उतरली, असं म्हणायचा मोह होतो. रंगांपुरतं मी ते मानायला तयार आहे. शिवणीपुरतं अजिबात नाही.

कारण टाका खोटं बोलत नाही. जीज् बेंडची बाई आधी तुकड्याला तुकडा जोडून वरचा पदर तयार करते, मग त्याखाली कापूस आणि अस्तर घालून तिन्ही थर शिवते. सिद्दी बाई जुनं लुगडं जमिनीवर पसरते, एका कोपऱ्यापासून कडेकडेने ठिगळं ठेवत जाते, आणि ज्या धावदोऱ्याने ठिगळ बसतं त्याच दोऱ्याने थरही शिवले जातात. ओळी चौकोनात चौकोन करत आत सरकतात. आपली वाकळ अशीच शिवतात: अंगणात जुनेर अंथरायचं, आत विरलेल्या धोतरांचे थर, कोपऱ्यांवर दगड, आणि चारी बाजूंनी सासू, सुना, शेजारणी बसून टाके घालत मध्याकडे यायचं. चौकट नाही, टेबल नाही. चार जणींना एकदम हात चालवायचा तर कडेकडून आत येण्याइतकी सोयीची दुसरी रीत नाही. ‘कवंदी’ हा शब्दही उत्तर कर्नाटकात गोधडीला म्हणतात त्या ‘कौदी’चाच सख्खा. तेव्हा तंत्र दख्खनचं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता तांदळाकडे येतो. सरळ उत्तर असं: देश ज्वारीचा म्हणून भाकरी, सिद्दींचा डोंगराळ मलेनाड भाताचा म्हणून तांदूळ. बहुतेकांना एवढं पुरतं. मला पुरत नाही. भाताच्या मुलखात तांदळाची भाकरी होतेच की. पोटच भरायचं तर तिचा चतकोर घालता आला असता. शिजवलेलं अन्न पोटात जातं. कच्चे तांदूळ पोटात जात नाहीत, ते ओटीत जातात.

माझा अंदाज असा की कवंदीचं जे भरतात ते मुळात पोट नव्हेच, ओटी आहे. कन्नडमध्ये पोटाला ‘होट्टे’ म्हणतात. ‘ओटी’ आणि ‘होट्टे’ कानाला इतके जवळ आहेत की दोन भाषांच्या सीमेवर एकाचा अर्थ दुसऱ्यात मिसळायला वेळ लागत नाही. व्युत्पत्तीवाले म्हणतील, दोन्ही शब्दांची मुळं वेगळी. असतील, मी मूळ एक आहे असं म्हणतच नाही, बायकांच्या तोंडी त्यांची सरमिसळ झाली एवढंच म्हणतो.

या तर्काला कवंदीच्या कोपऱ्यांचा मोठा आधार आहे. तिथे त्रिकोणी दुमडलेल्या कापडाचे थरावर थर शिवतात आणि त्यांना ‘फूल’ म्हणतात. फूल नसलेली कवंदी त्यांच्या लेखी उघडी, नागवी. ख्रिस्ती बाई मधल्या भागात क्रूस शिवेल, मुसलमान बाई चंद्रकोर शिवेल, पण कोपऱ्यांची फुलं सुटत नाहीत. फुलं माळली, ओटी भरली: हा सुवासिनीचा मान झाला. तान्ह्या बाळासाठी तर हौसेने लहान लहान तुकड्यांची कवंदी करतात, जसं आपल्याकडे बाळंतविड्यात दुपटं असतं. ज्या लेकराला अंगावर घ्यायचं, त्याच्या पांघरुणाची आधी ओटी भरायची, हे मला अगदी सुसंगत वाटतं.

मग देशावरची भाकरी कुठून आली? मी म्हणेन, ती नंतरची. ओटीचा अर्थ विसरला, पोटाचा उरला, आणि तांदळाच्या जागी घरातली भाकरी बसली. याच्या उलट घडलं असंही कुणी मांडू शकेल, पण त्याला फुलांचा उलगडा करावा लागेल.

जुना नमुना हाती लागणं अवघड, कारण वाकळ फाटली की टाकत नाहीत, तिच्यावरच नवं लुगडं घालून पुन्हा शिवतात. म्हणजे पुरावा असला तर आतल्या थरांत असणार. घरातली आजीच्या हातची वाकळ उसवायची वेळ आली तर मधलं ठिगळ सावकाश सोडवा आणि खाली तांदूळ निघतात की भाकरीचा चुरा, ते पाहून ठेवा.