सी भाषेतील जुन्या सवलती आणि थट्टेच्या भाषा

संगणकीय भाषांच्या इतिहासात थट्टेखातर रचलेल्या भाषांना बहुधा तळटिपेतच जागा मिळते. १९७२ साली प्रिन्स्टन येथे डॉन वुड्स व जेम्स लायन या विद्यार्थ्यांनी रचलेली इंटरकॅल ही त्यांतील आद्य समजली जाते; तिच्यात पुरेशा वेळा ‘प्लीज’ न म्हटल्यास कंपायलर आज्ञावली नाकारतो. प्रस्तुत टिपणाचा विषय मात्र सी भाषेच्याच पोटात, तिच्या नियमांच्या सैलपणावर पोसलेल्या भाषा हा आहे. प्रमाण ठरविताना कोणत्या सवलती काढून घ्याव्या लागल्या, याचा पुरावा म्हणून त्यांना मोल आहे.

या सैलपणाचे मूळ प्रीप्रोसेसरमध्ये शोधावे लागते. कंपायलरच्या आधी तो एका शब्दाच्या जागी दुसरा मजकूर घालतो. सीचे व्याकरण त्यास ठाऊक नसते. केंब्रिज येथे अल्गोल ६८ च्या कंपायलरवर काम केलेल्या स्टीफन बोर्न यांनी बेल प्रयोगशाळेत सातव्या युनिक्ससाठी (१९७९) शेल लिहिले, तेव्हा ‘देन’ म्हणजे मिटता कंस व उघडती महिरप, ‘फी’ म्हणजे अर्धविराम व मिटती महिरप, असे संकेत ठरवून घेतले. सीचा मजकूर अल्गोलसारखा दिसू लागला. बोर्न यांनी हे सर्व गंभीरपणेच केले होते. ‘बोर्नगोल’ हे थट्टेचे नाव वाचणाऱ्यांनी दिले. १९८४ साली लँडन कर्ट नॉल व लॅरी बॅसल यांनी दुर्बोध सी-लेखनाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली, तिचे एक निमित्त हे शेलच होते. त्या वर्षीच्या विजेत्या आज्ञावलीत ‘मेन’ हे फंक्शन नसून अंकांची रांग होती, आणि ते अंक म्हणजे पीडीपी-११ व व्हॅक्स यंत्रांच्या प्रत्यक्ष आज्ञा! ‘मेन’ हे फंक्शन आहे की नाही, हे तपासण्याची तसदी कोणी घेत नसे.

१९८९ च्या अमेरिकन प्रमाणाने काही दारे मिटली. पूर्वीचे कित्येक प्रीप्रोसेसर टिप्पणी समूळ काढून टाकीत, त्यामुळे मध्ये रिकामी टिप्पणी ठेवताच दोन शब्दांचा संधी होई. प्रमाणाने टिप्पणीच्या जागी एक मोकळी जागा मानली व संधीसाठी निराळे चिन्ह दिले. प्रकार न सांगता ‘इंट’ गृहीत धरण्याची मुभा १९९९ मध्ये गेली.

आपल्याकडे ही कालगणना जरा मागे रेंगाळली. बोरलँडचे टर्बो सी १९८७ साली, म्हणजे प्रमाणापूर्वी, निघाले. त्याच्या जुन्या आवृत्त्या महाराष्ट्रातील महाविद्यालयांत एकविसाव्या शतकातही वापरात राहिल्या. प्रमाणास अमान्य असलेले ‘व्हॉइड मेन’ त्यामुळेच पिढ्यान्‌पिढ्या घोकले गेले.

पनवेलच्या खांदा कॉलनीतील एखाद्या विद्यार्थ्याने बोर्न यांची युक्ती मराठीत करावयाची म्हटले, तर १९८९ च्या प्रमाणानुसार त्यास ‘जर’ आणि ‘नाहीतर’ रोमन लिपीत लिहावे लागले असते. दारे मिटणाऱ्या १९९९ च्या प्रमाणानेच नावांसाठी मान्य अक्षरांच्या यादीत देवनागरीचा समावेश केला. त्यातील ‘ऱ’ देखील सुटलेला नाही. देवनागरी अंक मात्र नावाच्या मध्ये वा शेवटी चालतात, संख्या म्हणून चालत नाहीत. येथे प्रीप्रोसेसरचाही इलाज चालत नाही, कारण ज्याच्या जागी मजकूर घालावयाचा त्या नावाचा आरंभ अंकाने होऊ शकत नाही.