मुलाच्या बापाचा भाव : मामा वरेरकरांचे एक नाटक

मालवणच्या नाट्यगृहाला मामा वरेरकरांचे नाव आहे. पण त्यांचे 'हाच मुलाचा बाप' आज अभ्यासक्रमातल्या नाट्येतिहासात एका ओळीपुरते उरले आहे. हुंड्यावरचे प्रचारनाट्य, एवढीच ती ओळ. हा निकाल घाईचा वाटतो.

हे नाटक देवलांच्या 'शारदे'शेजारी ठेवून वाचावे. 'शारदा' 1899 मधले. तिथे कांचनभट पैशाच्या लोभाने मुलगी वृद्ध भुजंगनाथाला द्यायला निघतो. म्हणजे पैसा वराकडून वधूपित्याकडे जातो. 'ललितकलादर्श'ने वरेरकरांचे नाटक रंगभूमीवर आणले ते पहिल्या महायुद्धाच्या काळात. दीड-दोन दशकांतच रंगभूमीवरचा हा पैसा उलट दिशेने वाहू लागला. आता मुलीचा बाप मोजतो आणि मुलाचा बाप घेतो.

दोन्ही चाली समाजात आधीपासून होत्याच. पण मधल्या काळात इंग्रजी शिक्षण आणि सरकारी नोकरी यांनी मध्यमवर्गीय वराचा भाव वाढवला. ज्या शिक्षणाकडून सुधारणेची आशा होती, त्याचाच खर्च लग्नात वसूल होऊ लागला. 1914 मध्ये कलकत्त्यात स्नेहलता या किशोरीने, आपल्या लग्नापायी वडिलांचे घर विकले जाऊ नये म्हणून, स्वतःला जाळून घेतले. हा प्रश्न त्यामुळे देशभर पोहोचला होता.

वरेरकर तेव्हा टपाल खात्यात नोकरीला होते. चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर चूल पेटणाऱ्या कोकणात लग्नाचे कर्ज म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगावे लागत नव्हते. अशा घरात धाकट्याचे शिक्षण पुढे ढकलले जाते, गहाण पडलेली जमीन सुटत नाही आणि मुलीच्या इच्छेचा तर हिशेबच मांडला जात नाही.

भुजंगनाथाला हसणे सोपे आहे. तो उघडच हास्यास्पद आहे. वरेरकरांचा 'मुलाचा बाप' मात्र प्रतिष्ठित आहे, प्रेक्षागृहातल्या पहिल्या रांगेत शोभेल असा. शीर्षकातला 'हाच' हा शब्द बोट रोखतो, तो त्याच्यावर. त्या नाटकाचे धैर्य इथे आहे.

पुढे 1961 मध्ये हुंडाबंदीचे विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत संमत झाले. भारतीय संसदेची ती पहिलीच संयुक्त बैठक. वरेरकर त्या वेळी राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. नाटककाराच्या हयातीतच त्याच्या विषयाचा कायदा व्हावा, असे क्वचितच घडते. पण कायद्याने हुंड्याचे नाव बदलले, व्यवहार थांबला नाही. म्हणूनच हे नाटक निव्वळ इतिहासजमा म्हणून बाजूला ठेवता येत नाही.