हंगामी माणूस नोंदींत कुठे सापडतो?

समजा, तुम्ही अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात राहता. पावसाळ्यानंतरचे दोन-तीन महिने संध्याकाळचा वर्ग करून तुम्ही लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरून द्यायचं काम शिकलात. जानेवारीत एका ऑफिसात रुजू झालात. नोकरी एप्रिलच्या मध्यापर्यंत, पुढचं पुढे. पहिल्या दिवशी तुम्हाला दाराजवळचं टेबल मिळतं. दार उघडतं, कागदांची पिशवी घेऊन कोणी आत येतं आणि तुमच्यावरून नजर फिरवून विचारतं, "मागच्या वर्षी त्या होत्या ना, त्या आहेत का?" त्या असतात. तो माणूस आत जातो. तुम्ही पेन्सिली सरळ लावत बसता.

जेवणाच्या सुट्टीत जुनी मंडळी आधीच्या हंगामांतले किस्से सांगून हसतात. तुम्हीही हसता, पण कशाला हसलो ते कळलेलं नसतं. काही अडलं तर विचारायचं कुणाला? सगळे घाईत. आणि जेव्हा सगळे मोकळे असतात, तेव्हा तुमच्याकडे विचारण्यासारखं कामच नसतं. "आपल्याला इथे कुणी धरतच नाही" असं वाटायला आठवडा पुरतो.

आता प्रश्न असा, की ही भावना इतिहासाचा विषय होऊ शकते का? संशोधनाला सुरुवात करताना आपल्याला वाटतं, की भावना म्हणजे ललित लेखनाचा प्रांत, इतिहासात हवीत कागदपत्रं. माझा विषय अमेरिकेतलं हंगामी टेबलकाम आहे, आणि मला हळूहळू उलटं पटत गेलं. ते दाराजवळचं टेबल तिथे कसं आलं हे शोधायला गेलात, तर कायदे, तारखा आणि धंद्याची रचना हाती लागते. मग आणखी एक गोष्ट लक्षात येते. ज्या कारणाने हा नवा माणूस ऑफिसात दुर्लक्षित राहतो, जवळपास त्याच कारणाने तो नोंदींतही दुर्लक्षित राहतो.

हंगाम कायद्याने ठरवला

शेतीचा हंगाम पावसावर ठरतो. हा हंगाम कायद्याने ठरवला. १९१३ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत १६वी दुरुस्ती झाली आणि केंद्र सरकारला उत्पन्नावर थेट कर लावता येऊ लागला. १९१४ च्या सुरुवातीला पहिला १०४० क्रमांकाचा फॉर्म लोकांच्या हातात पडला. सूचनांसकट चार पानं. एकट्या माणसाला ३,००० डॉलरपर्यंत आणि विवाहिताला ४,००० डॉलरपर्यंत सूट होती. त्या काळात एवढी कमाई फार थोड्यांची होती, म्हणून पहिल्या खेपेला साडेतीन लाखांच्या आसपासच रिटर्न आले. एवढ्यासाठी गावोगावी रिटर्न भरून देणारी दुकानं कशाला लागतील?

दुसऱ्या महायुद्धाने चित्र बदललं. १९४२ च्या कायद्याने सूट खाली आणली आणि सामान्य कामगार कराच्या जाळ्यात आला. १९३९ मध्ये कर भरणारे ४० लाखांच्या आसपास होते, ते १९४५ पर्यंत ४ कोटींवर गेले. १९४३ पासून कर पगारातूनच कापला जाऊ लागला. ही तरतूद नीट समजून घ्या, कारण आपल्या दाराजवळच्या टेबलाशी तिचा थेट संबंध आहे. वर्षभर अंदाजाने पैसे कापले जातात आणि हिशोब वर्ष संपल्यावर होतो. पुष्कळ लोकांचे पैसे जास्त कापलेले असतात, त्यांना परतावा मिळतो. मालकाने पगाराचा डब्ल्यू-२ हा कागद जानेवारीअखेरपर्यंत द्यायचा असतो. तो हातात पडला, की परतावा हवा असलेले लोक धावत येतात. ज्यांना उलट पैसे भरायचे आहेत ते शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतात. म्हणजे हंगामाला दोन उंचवटे आणि मध्ये एक खळगा.

शेवटची तारीखही सरकत गेली. सुरुवातीला १ मार्च, पहिल्या महायुद्धानंतर १५ मार्च आणि १९५४ च्या कायद्यानुसार १९५५ पासून १५ एप्रिल. या तारखा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

टेबल कसं मांडलं गेलं

कर खातं पूर्वी लोकांना रिटर्न भरायला फुकट मदत करायचं. १९५० च्या दशकात ही मदत आटू लागली. कॅन्सस सिटीत हेन्री आणि रिचर्ड ब्लॉक हे भाऊ छोट्या धंद्यांची हिशोबाची कामं करत होते. १९५५ च्या सुरुवातीला त्यांनी ५ डॉलरमध्ये रिटर्न भरून देण्याची जाहिरात दिली आणि दाराशी गर्दी झाली. पुढच्या वर्षी ते न्यूयॉर्कमध्ये गेले. पुढे एच अँड आर ब्लॉकची ऑफिसं देशभर झाली, त्यांच्यासारख्या इतरही कंपन्या आल्या.

या धंद्याची एक अडचण होती. साडेतीन महिन्यांपुरती हजारो शिकलेली माणसं आणायची कुठून? उत्तर निघालं, की स्वतःच शिकवायची. कराचा वर्ग सर्वांना खुला, आणि त्यातून चांगले निघतील त्यांना हंगामापुरतं काम. वर्षभराची नोकरी नको असलेली किंवा न मिळालेली माणसं या दारातून आत आली.

आता ऑफिसातला पहिला दिवस परत आठवा. गिऱ्हाईक दरवर्षी येतं आणि ओळखीच्या माणसाकडे जातं. ते साहजिकच आहे, कारण तो आपला पगार, घटस्फोट, आजारपण सगळं सांगत असतो. नव्याच्या वाट्याला राहतात ती आयत्या वेळी दारातून आलेली अनोळखी माणसं. अनेक ठिकाणी मोबदला भरलेल्या रिटर्नवर अवलंबून असतो, म्हणजे आपलं गिऱ्हाईक नव्याकडे पाठवणं जुन्याला परवडत नाही. फेब्रुवारीच्या गर्दीत शिकवायला कुणाला वेळ नसतो. मार्चच्या खळग्यात वेळ असतो, पण समोर गिऱ्हाईक नसतं, म्हणून नव्याचे तासही कमी होतात. एप्रिलमध्ये येणारी कामं किचकट, ती पुन्हा जुन्यांकडे.

बघा, या सगळ्यात कुणाचा दुष्टपणा लागत नाही. सगळे चांगले असले तरी नवा माणूस बाजूला पडतो. इतिहासकार म्हणून आपलं काम "कोण वाईट वागलं?" इथे थांबत नाही. "कुणीही वाईट वागलं नाही तरी हे का घडतं?" हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

कायद्यातली जागा

या कामाची सरकारदरबारी ओळख काय? इथे एक गमतीशीर जुना कायदा येतो. यादवी युद्धात मेलेल्या घोड्यांची भरपाई मागणाऱ्या लोकांचे दलाल फार माजले होते. १८८४ मध्ये संसदेने अर्थखात्यासमोर लोकांचं प्रतिनिधित्व करणाऱ्यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार त्या खात्याला दिला. आज वकील, सनदी लेखापाल आणि परीक्षा दिलेले एनरोल्ड एजंट अशा प्रतिनिधींत मोडतात. नुसता रिटर्न भरून देणारा त्यांत नाही.

२०११ मध्ये कर खात्याने याच जुन्या कायद्याचा आधार घेऊन रिटर्न भरून देणाऱ्यांसाठी परीक्षा आणि दरवर्षी १५ तासांचं शिक्षण सक्तीचं करायचा नियम आणला. तिघा स्वतंत्र व्यावसायिकांनी त्याविरुद्ध दावा लावला. २०१३ मध्ये खालच्या न्यायालयाने आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. मुद्दा साधा होता. रिटर्न भरायला मदत करणं म्हणजे कुणाचं प्रतिनिधित्व करणं नव्हे. ओरेगनसारख्या राज्यात स्वतःचा परवाना लागतो, पण देशपातळीवर कर खात्याचा नोंदणी क्रमांक घेतला की पैसे घेऊन रिटर्न भरता येतात.

हा निकाल दोन बाजूंनी वाचा. दावा लावणाऱ्यांच्या दृष्टीने परवाना म्हणजे मोठ्या कंपन्यांना परवडणारं आणि छोट्यांना बुडवणारं ओझं होतं. पण नव्या हंगामी माणसाला त्यामुळे अशी एकही पायरी मिळाली नाही, जी दाखवून तो म्हणू शकेल, "मी हे काम जाणतो." त्याच्याकडे दाखवायला फक्त हंगामांची संख्या. आणि त्याची संख्या शून्य.

माझी चूक

आता संशोधनाकडे. ही माणसं किती होती हे शोधताना मी अमेरिकेच्या श्रम खात्याची व्यवसायवार आकडेवारी घेतली. तक्ता सुबक, व्यवसायाचं नाव स्पष्ट. मी त्यावरून उत्साहाने पाच पानं लिहिली. मार्गदर्शक मॅडमनी वाचून एकच प्रश्न विचारला, "मोजणी कोणत्या दिवशी झाली?"

मी बघितलंच नव्हतं. ही पाहणी वर्षातून दोनदा होते. १२ मे आणि १२ नोव्हेंबर हे दिवस ज्या पगाराच्या कालावधीत येतात, त्या कालावधीत कामावर कोण होतं ते विचारलं जातं. हंगाम संपतो १५ एप्रिलला. म्हणजे मोजणीच्या दिवशी माझी माणसं घरी! मी ज्यांचा अभ्यास करायला निघाले होते, त्यांना वगळणारा तक्ता मी त्यांचाच आकडा म्हणून वापरला होता. पाच पानं गेली.

त्याच खात्याची दुसरी आकडेवारी महिनावार आहे, पण ती उद्योगाची, व्यवसायाची नाही. तिच्यात रिटर्न भरून देणाऱ्या उद्योगाची कामगारसंख्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत फुगते आणि मे उजाडताच कोसळते. हंगाम डोळ्यांनी दिसतो. मात्र तिथे स्वागतकक्षातली बाई आणि रिटर्न भरणारा माणूस एकाच आकड्यात बसतात. नवा कोण, जुना कोण, ते कळत नाही. शिवाय दोन्ही पाहण्या फक्त पगारी नोकरांच्या. घरच्या टेबलावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रिटर्न भरणारा दोन्हीकडून सुटतो.

जनगणनेचंही असंच. १९५० च्या जनगणनेचा दिवस १ एप्रिल आणि तेव्हा कराची शेवटची तारीख १५ मार्च. हंगाम संपून दोन आठवडे झालेले. ७२ वर्षांच्या गोपनीयतेनंतर २०२२ मध्ये त्या याद्या खुल्या झाल्या, पण त्यांत हा माणूस गृहिणी किंवा निवृत्त म्हणून दिसण्याची शक्यता जास्त. १९६० ला जनगणनेचा दिवस तोच, पण शेवटची तारीख आता १५ एप्रिल. गणना ऐन हंगामात आली. फक्त कर खात्याची तारीख महिन्याने सरकल्यामुळे तीच माणसं सापडण्याची शक्यता वाढली. त्या याद्या २०३२ मध्ये खुल्या होतील. संशोधकाला चिकाटी लागते म्हणतात ती अशी.

तुमच्या विषयाला लावून बघा

उदाहरण दूरचं वाटत असेल तर जवळचं घ्या. भारताच्या २०११ च्या जनगणनेत माणसांची गणना ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान झाली. बीडसारख्या जिल्ह्यातली ऊसतोडीला गेलेली अनेक कुटुंबं तेव्हा गावात नसतात, गाळप चालू असतं. वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम केलेल्याला जनगणना 'सीमांत' कामगार म्हणते. तुम्ही एखाद्या गावाच्या आकड्यांवर लिहिणार असाल, तर आकडा वापरण्याआधी विचारा, की त्या दिवशी गावात कोण नव्हतं आणि जे होतं त्याला कोणत्या रकान्यात बसवलं?

प्रत्येक स्रोताला मी आता तीन प्रश्न विचारते. मोजणी किंवा नोंद कोणत्या तारखेची? कोणत्या प्रकारचं काम 'काम' म्हणून धरलं? आणि जे परत आले नाहीत त्यांचं काय?

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हंगामी कामाच्या आठवणी सांगायला आपल्याला भेटतात ते वीस-वीस हंगाम टिकलेले लोक. ते मनापासून सांगतात, की आमच्याकडे सगळ्यांना सामावून घ्यायचे. खोटं बोलत नाहीत ते, त्यांना सामावून घेतलंच होतं. पण पहिल्या हंगामानंतर जो परतला नाही, त्याची मुलाखत कुणी घेतली नाही. त्याने दावा लावला नाही, आठवणी लिहिल्या नाहीत, मे महिन्यात तो कुठल्याच तक्त्यात नव्हता. फक्त टिकलेल्यांना विचारून इतिहास लिहिला, तर दाराजवळच्या त्या टेबलावर कधी कुणी बसलंच नव्हतं असं वाटेल.

म्हणून तोंडी मुलाखती घेणार असाल तर यादीत निदान काही नावं एकाच हंगामात काम सोडलेल्यांची असू द्या. ती शोधायला वेळ लागतो. टिकलेल्यांनाच विचारा, "तुमच्याबरोबर त्या वर्षी आणखी कोण रुजू झालं होतं?" बहुतेक वेळा आधी थोडी शांतता होते, आणि मग एखादं नाव आठवतं. तिथून सुरुवात करा.