तोट्यातला कालवा, फायद्यातला मुलूख

१/ प्रवरेचा कालवा तोट्यात होता की फायद्यात? ब्रिटिश सरकारच्या खातेवहीनुसार तोट्यात. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या हिशोबानुसार फायद्यात. पाणी तेच, जमीन तीच. बदलला होता तो प्रश्न. सरकारी धोरण आकड्यांच्या कसोटीवर तपासण्याच्या भारतीय परंपरेतील हा एक आरंभीचा अध्याय, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला.

२/ १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी दख्खन होरपळून निघाले. १९०१ साली सर कॉलिन स्कॉट-मॉनक्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग नेमला गेला. सरकारी दप्तरात कालव्यांचे दोन प्रमुख वर्ग होते : भांडवलावरील व्याज फेडणारे ‘उत्पादक’ आणि दुष्काळनिवारणासाठीचे ‘संरक्षक’.

३/ त्यानंतर दारणा धरणाच्या आधारे गोदावरीचे कालवे कोपरगावकडे आले, तर प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. परंतु पाऊस बरा झाला की ज्वारी-बाजरी पिकवणारा शेतकरी कालव्याचे पाणी विकत घेत नसे. पाणीपट्टीची खात्रीची वसुली उसातूनच होई. दुष्काळासाठी खोदलेला कालवा असा उसाचा कालवा झाला.

४/ तरीही सरकारी हिशोब जुळत नव्हता. पाणीपट्टीतून देखभालीचा खर्च आणि व्याज वजा केले की दख्खनच्या कालव्यांच्या पदरी बहुधा तूटच उरे. या गणितात शेतकऱ्याच्या घरी आलेले धान्य नव्हते, मजुराला मिळालेले काम नव्हते आणि बाजारपेठेत फिरलेला पैसाही नव्हता.

५/ नेमकी हीच उणीव गाडगीळांनी हेरली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या क्षेत्रात पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. सरकारला काय मिळाले, एवढ्यावर न थांबता त्या मुलखाला काय मिळाले, हे त्यात तपासले होते. त्यासाठी प्रत्यक्ष लाभांच्या जोडीला अप्रत्यक्ष लाभही मोजले गेले.

६/ पद्धतीचा गाभा होता तुलना. ‘कालव्यापूर्वी’ आणि ‘कालव्यानंतर’ एवढेच पाहिले तर फसगत होते. मधल्या काळात भाव चढतात, पडतात, पाऊस हुलकावणी देतो. म्हणून बागायती क्षेत्राशेजारी कोरडवाहू क्षेत्र ठेवून पाहायचे : पाणी नसते तर इथे काय झाले असते? धोरणांच्या मूल्यमापनातला हा प्रश्न आजही कळीचा आहे.

७/ पण लाभ झाला म्हणजे तो कोणाला झाला? १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले, बागायतदार कर्जात बुडाले आणि अनेकांच्या जमिनी खंडाने खासगी साखर कंपन्यांकडे गेल्या. पाण्याने संपत्ती निर्माण केली, परंतु तिची मालकी ठरवली ती भांडवलाने.

८/ त्याला उत्तर मिळाले लोणीत. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी प्रवरा सहकारी साखर कारखाना उभारला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. कारखान्याचे अध्यक्षपद स्वीकारले ते गाडगीळांनीच. लाभ मोजणारा अभ्यासक आता त्याच्या वाटपाच्या व्यवस्थेत उतरला होता.

९/ पुढे गोखले संस्थेच्याच नी. वि. सोवनी आणि नीलकंठ रथ यांनी ओडिशातील हिराकूड धरणाचा अभ्यास केला. तो १९६० मध्ये प्रकाशित झाला. त्याच दशकात सिंचन प्रकल्पांच्या मंजुरीसाठी सरकारी परताव्याऐवजी लाभ-खर्च गुणोत्तराचा निकष रूढ झाला.

१०/ या निकषालाही मर्यादा आहे. एकूण लाभ एकूण खर्चापेक्षा मोठा निघाला, तरी कोणाच्या वाट्याला किती आले, हे गुणोत्तर सांगत नाही. याच जिल्ह्याच्या उत्तरेला उसाचे मळे आहेत आणि कोरडवाहू पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात. जिल्ह्याच्या सरासरीत बागायतदार आणि कोयता दोन्ही एकाच आकड्यात विरघळतात.

११/ म्हणून कोणत्याही योजनेच्या यशाचा आकडा समोर आला की दोन प्रश्न विचारावेत : हा हिशोब कोणाच्या वहीतला आहे? आणि त्या वहीत कोणाचे नाव लिहायचे राहून गेले आहे?